निऑनच्या नळीपासून आर्गॉनच्या टाकीपर्यंत : टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक वाट

रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले ते १९४५ साली. तोवर मॅट्रिकनंतर पुढे शिकायचे म्हणजे बोटीत बसून मुंबई गाठायची, हाच कोकणातल्या मुलांचा शिरस्ता होता. त्याच वर्षी १ जूनला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) काम बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात चालू झाले आणि वर्ष सरायच्या आत ती मुंबईत आली. एक संस्था इथल्या मुलांना पदवीपर्यंत नेण्यासाठी निघाली, दुसरी पदवीच्या कितीतरी पुढचे काम देशातच व्हावे म्हणून. रत्नागिरीच्या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास घ्यायला जन्मसालाचा हा योगही पुरेसा होता. पण टीआयएफआरच्या कामाचा एक धागा कोकणाजवळूनही जातो आणि तो सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

संस्थेची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा ती थोडक्यात. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवालांना पत्र लिहिले. काही दशकांनी देशाला अणुऊर्जा लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावे लागू नये, हा त्या पत्राचा गाभा. १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल यांच्या हस्ते पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. बंगला भाभांच्या नातलगांचा. सुरुवातीच्या मोजक्या मंडळींत आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी होते. १९४९ मध्ये जागा अपुरी पडू लागली म्हणून संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगत, आजच्या इमारतीचे उद्घाटन केले. गणित, टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक, रेणवीय जीवशास्त्र, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. इथे मी फक्त एकाच वाटेने जाणार आहे, आणि ती वाट राजवायूंची आहे.

विश्वकिरण हा संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा विषय. भाभांचे स्वतःचे नाव त्यातच झालेले. आकाशातून येणारा विद्युतभारित कण ज्या पदार्थातून जातो, त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवत जातो. ते सुटे इलेक्ट्रॉन गोळा करता आले, की कण कुठून गेला आणि किती ऊर्जा टाकून गेला हे कळते. अडचण एवढीच, की बरेचसे पदार्थ सुटा इलेक्ट्रॉन लगेच गिळतात. हवेतला ऑक्सिजन त्या बाबतीत फार अधाशी. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या राजवायूंची बाहेरची कक्षा मात्र भरलेली असते, त्यांना कोणाचा इलेक्ट्रॉन नको असतो. त्यांच्यात सुटलेला इलेक्ट्रॉन तसाच सुटा राहतो आणि विजेच्या दाबाने हवा तिकडे ओढून नेता येतो. शिवाय कण जाताना हे अणू क्षणभर प्रकाशही देतात. कणभौतिकीत गेल्या शंभर वर्षांत जी उपकरणे झाली, त्यांतल्या फार मोठ्या भागाचा पाया हा एवढासा गुणधर्म आहे.

कण मोजणाऱ्या गायगर नळीतही बहुधा आर्गॉनच असतो. बी. व्ही. श्रीकंटन् हे तरुण संशोधक १९४८ मध्ये संस्थेत आले आणि १९५१ मध्ये अशा नळ्यांची जोडणी घेऊन कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. जमिनीखाली किती खोलवर विश्वकिरणांतले किती म्यूऑन कण पोचतात, हे त्यांना मोजायचे होते. पुढे हेच श्रीकंटन् संस्थेचे संचालक झाले. कोलारची खाण तेव्हा जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती आणि संस्थेने तिचा उपयोग चाळीस वर्षे केला. टीआयएफआरच्या इतिहासात कुलाब्याच्या इमारतीइतकेच महत्त्व मी या खाणीला देतो.

साठच्या दशकाच्या आरंभी जपानचे साबुरो मियाके आणि संस्थेचे व्ही. एस. नरसिंहम् व पी. व्ही. रमणमूर्ती यांनी मोजणी आणखी खाली नेली. २७०० मीटरहून अधिक खोलीवर सुमारे दोन महिने उपकरण चालू ठेवले आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. वहीत रोज शून्य लिहिताना कोणाला उत्साह वाटत नाही. इथे मात्र त्या शून्यातच पुढचा प्रयोग दडलेला होता. आकाशातून येणारे म्यूऑन इतक्या खोल पोचतच नसतील, तर तिथे जे काही दिसेल ते न्यूट्रिनो या कणामुळेच असेल. न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी ओलांडून जातो, पण क्वचित एखादा वाटेत खडकाला धडकतो आणि त्यातून म्यूऑन निघतो.

हा प्रयोग टीआयएफआर, ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर उभा केला. डरहॅमच्या आर्नल्ड वुल्फेन्डेल यांच्या गटाची खासियत म्हणजे निऑन नळ्या. त्या नळीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. काचेची लांब नळी, आत निऑन, दोन्ही टोके बंद. अशा नळ्यांचे थर धातूच्या पत्र्यांमध्ये रचायचे. बाजूच्या सिंटिलेटर (कण गेला की चमकणाऱ्या) फलकांनी कण गेल्याची वर्दी दिली, की काही मायक्रोसेकंदांत पत्र्यांना उच्च दाबाचा झटका द्यायचा. ज्या नळीतून कण गेला तिच्यात इलेक्ट्रॉन अजून सुटेच असतात, म्हणून तेवढीच नळी तांबूस पेटते. शेजारची काळोखी राहते. समोर कॅमेरा. फिल्म धुतली, की काळ्यावर ठिपक्यांची एक तिरपी ओळ. ओळ उभी असेल तर तो वरून आलेला म्यूऑन असू शकतो. आडवी असेल तर इतक्या खोल, बाजूच्या खडकातून आडवा येणारा म्यूऑन न्यूट्रिनोनेच दिलेला. म्हणून ही जोडणी मुद्दाम आडव्या कणांकडे तोंड करून बसवली होती.

न्यूट्रिनोच्या त्या पहिल्या नोंदी मोजक्याच होत्या. त्यांवरचा निबंध १५ ऑगस्ट १९६५ रोजी ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये आला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रेन्स यांचा गट हेच करत होता. त्यांचा निबंध दोन आठवड्यांनी छापून आला, पण त्यांची पहिली नोंद फेब्रुवारी १९६५ ची, म्हणजे आपल्या आधीची आहे. आपल्याकडे यातला पहिलाच भाग अभिमानाने सांगितला जातो. दोन्ही भाग सांगितले तरी कोलारचे मोल उणे होत नाही. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम ज्या दोन ठिकाणी दिसले, त्यातले एक आपल्या देशात होते. भाभांना हे यश पाहता आले. पाच-सहा महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लांच्या डोंगरावर विमान कोसळून ते गेले.

कोलारचे दुसरे पर्व प्रोटॉनचे. प्रोटॉन कधी ना कधी फुटतो, असे काही सिद्धान्त सांगत होते. १९८० मध्ये पुन्हा २.३ किलोमीटर खोलीवर १४० टनांचे उपकरण उभे राहिले : लोखंडी पाट्यांचे थर आणि त्यांच्यामध्ये एका थरात उभ्या, दुसऱ्यात आडव्या अशा लांबट चौकोनी पेट्या. प्रत्येक पेटीच्या मध्यातून तार गेलेली, आत आर्गॉन आणि थोडा मिथेन. अशा पेटीत बाहेरची हवा जराशी शिरली तरी तिचे मोजमाप बिघडते, त्यामुळे वायू शुद्ध ठेवणे आणि गळती शोधणे हे रोजचे काम. १९८५ मध्ये दुसरे, आणखी मोठे उपकरण चालू झाले. काही घटना प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसल्या, पण जपान आणि अमेरिकेतल्या प्रचंड पाण्याच्या टाक्यांनी त्यांना दुजोरा दिला नाही. त्याच टाक्यांनी १९८७ मध्ये एका ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो पकडले. पुढे जायचे तर पदार्थ जास्त हवा आणि त्यातले चित्र अधिक स्वच्छ हवे, हे तेव्हा सगळ्यांनाच कळून चुकले. कोलारचे प्रयोग १९९२ च्या सुमारास थांबले, २००१ मध्ये खाणच बंद झाली आणि खालच्या बोगद्यांत पाणी भरले. हे नुकसान देशाने पुरते ओळखले आहे असे मला वाटत नाही. एवढी खोल आणि अभ्यासलेली जागा पुन्हा मिळवायला आपण अजून धडपडतो आहोत.

वायूऐवजी द्रव का, हे इथे सांगायला हवे. आर्गॉन उणे १८६ अंश सेल्सिअसला द्रव होतो. एक लिटर द्रवात आठशेहून अधिक लिटर वायू मावतो, म्हणजे न्यूट्रिनोला धडकायला तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त अणू मिळतात. हवेत आर्गॉन जवळजवळ एक टक्का असल्याने तो स्वस्त पडतो. झेनॉन त्याहून जड आणि गुणी, पण हवेच्या कोट्यवधी रेणूंत त्याचे मोजकेच अणू, म्हणून फार महाग. विल्यम विलिस आणि वेल्को रादेका यांनी १९७४ मध्ये धातूच्या पाट्यांमध्ये द्रव आर्गॉन भरून कणांची ऊर्जा मोजण्याची रीत दाखवली. १९७७ मध्ये कार्लो रुबिया यांनी पुढचे पाऊल सुचवले : पाट्या काढून टाका, नुसती आर्गॉनची टाकी ठेवा, सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने एका बाजूच्या तारांपर्यंत वाहू द्या आणि ते कुठे, किती वेळाने पोचले यावरून कणाचे त्रिमितीय चित्र काढा.

यातली पहिली रीत टीआयएफआरच्या मंडळींनी अमेरिकेत जवळून पाहिली. १९९० च्या सुमारास संस्थेचा गट दिल्ली आणि पंजाब विद्यापीठांसह शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधल्या ‘डी-झीरो’ प्रयोगात सामील झाला. या गटाचे नेतृत्व नबा कुमार मंडल यांच्याकडे होते. डी-झीरोचा ऊर्जामापक म्हणजे क्षीण युरेनियमच्या पाट्या आणि त्यांच्यामधल्या फटींत द्रव आर्गॉन, अशा तीन प्रचंड शीतटाक्या. प्रत्येक फट २.३ मिलिमीटरची. भारतीय गटाचा मोठा वाटा पुढे म्यूऑन टिपणाऱ्या सिंटिलेटर फलकांचा आणि विश्लेषणाचा राहिला, पण २ मार्च १९९५ रोजी टॉप क्वार्क या मूलकणाचा शोध जाहीर झाला तेव्हा त्या शोधाच्या मुळाशी हा आर्गॉन होता आणि निबंधावर आपली नावे होती. नंतर युरोपात सर्नच्या मोठ्या यंत्रावर दोन प्रयोग उभे राहिले. ‘ॲटलस’ने ऊर्जामापकासाठी द्रव आर्गॉन निवडला. टीआयएफआर गेली ती ‘सीएमएस’मध्ये, आणि तिथला बाहेरचा हॅड्रॉन ऊर्जामापक संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या जोडीने केला. आर्गॉनशी प्रत्यक्ष हाताने काम करण्याची एक संधी त्या निवडीने दूर गेली, ही खंत मला बोलून दाखवावीशी वाटते. सीएमएसमधले काम मोठे झाले, हेही तितकेच खरे.

अतिशीत द्रव हाताळण्याची विद्या मात्र कुलाब्यात दुसऱ्या दारातून आली होती. साठच्या दशकापासून संस्थेत हेलियम द्रवरूप करण्याचे यंत्र आहे. हेलियम उणे २६९ अंशाला द्रव होतो आणि धातूंचे अतिसंवाहन वगैरे पाहायचे तर तो हवाच. त्याच्याशी वागण्याची रीत शिस्तीची आहे. प्रयोगात उकळून वर गेलेला वायू हवेत सोडायचा नाही. प्रत्येक प्रयोगशाळेतून परतीची नळी निघते, वायू एका मोठ्या पिशवीत जमतो, तिथून दाबाने सिलिंडरांत, मग त्यातली हवा गोठवून काढायची आणि पुन्हा द्रव करायचा. एखादा सांधा ढिला राहिला तर हेलियम निघून जातो, तो कायमचाच. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणही त्याला धरून ठेवू शकत नाही. या यंत्रांवर दिवस-रात्र पाळ्या करणाऱ्या तंत्रज्ञांची नावे निबंधांवर क्वचित येतात. २०१६ मध्ये एस. रामकृष्णन् यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो हे दाखवले, तेव्हा जगभर बातमी झाली. केवलशून्याच्या इतक्या जवळ जायला अशा कित्येक वर्षांच्या पाळ्या लागतात.

हेलियम म्हटल्यावर कोकणी माणसाला विजयदुर्ग आठवणारच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी साहेबाने किल्ल्यावरच्या कट्ट्यावरून हेलियम शोधला, अशी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट आहे, आणि त्या दिवशी आता तिथे हेलियम दिनही साजरा होतो. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. इतिहास नेमका सांगायचा तर हे साहेब, म्हणजे नॉर्मन लॉकियर, त्या ग्रहणाला भारतात नव्हते. फ्रान्सचे पिएर जान्सन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणला. लॉकियर यांनी ग्रहण नसतानाच, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमध्ये सूर्याच्या कडेची पिवळी रेषा वर्णपटात पाहिली आणि पुढे तिच्या धन्याला नाव दिले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना. पण ग्रहणाची सावली आपल्याच दख्खनवरून गेली होती आणि हेलियमची कथा तिच्यापासून सुरू होते, तेव्हा किल्ल्यावर त्या दिवशी विज्ञानाची जत्रा भरते याचा आनंदच मानावा. कोकणच्या मातीत हेलियम खरोखरच आहे. तुरळ, राजवाडी, उन्हवरे अशा ठिकाणच्या गरम पाण्याच्या उन्हाळ्यांतून पाण्याबरोबर जे बुडबुडे येतात, त्यात मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा हेलियम असतो. खोल खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या विघटनातून तो तयार होतो. पश्चिम बंगालमध्ये बक्रेश्वरच्या अशाच झऱ्यांवर आपल्या अणुऊर्जा खात्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले आहे.

आता रुबियांच्या टाकीकडे. त्या कल्पनेवर इटलीत ग्रान सास्सोच्या बोगद्यात ‘इकारस’ उभा राहिला, पुढे फर्मीलॅबमध्ये ‘मायक्रोबून’. आता अमेरिकेतच ‘ड्यून’ नावाचा प्रयोग उभा राहतो आहे : फर्मीलॅबमधून न्यूट्रिनोंचा झोत निघणार, १३०० किलोमीटर जमिनीखालून जाणार आणि साउथ डाकोटातल्या होमस्टेक नावाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, द्रव आर्गॉनच्या टाक्यांत पकडला जाणार. एकेका टाकीत सुमारे १७ हजार टन आर्गॉन. याच खाणीत रेमंड डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो मोजले होते आणि तेही आर्गॉनच्याच खुणेने : न्यूट्रिनोने क्लोरीनचा आर्गॉन केला की ते थोडेसे अणू वेचून मोजायचे. कोलार ज्यांनी अनुभवला, त्यांना होमस्टेकचे वर्णन वाचताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते. सोन्याची खाण त्यांनीही बंद केली, पण तळघर विज्ञानासाठी राखले.

सुधारणा म्हणजे नेमके काय, ते एका आकड्यात दिसते. डी-झीरोत इलेक्ट्रॉनला आर्गॉनमधून २.३ मिलिमीटर जायचे होते. ड्यूनमध्ये साडेतीन मीटर, म्हणजे दीड हजार पट. मायक्रोसेकंदाला सुमारे १.६ मिलिमीटर या गतीने त्याला दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वाटेत ऑक्सिजनचा रेणू भेटला की इलेक्ट्रॉन गेलाच. म्हणून आर्गॉनमध्ये ऑक्सिजन हजार कोटी भागांत एका भागाइतकाही चालत नाही. एवढी शुद्धता हजारो टनांच्या टाकीत टिकवायची. टाकी इतकी मोठी, की आतली हवा आधी पंपाने ओढून काढणे परवडत नाही. तेव्हा जड आर्गॉन वायू तळातून हळूहळू सोडून हवा वर ढकलत बाहेर काढायची, मग द्रव भरायचा आणि तो तांब्याच्या व मॉलिक्युलर सिव्हच्या गाळण्यांतून फिरवत ठेवायचा. सर्नमध्ये याची रंगीत तालीम झाली. ‘प्रोटोड्यून’च्या सुमारे ७७० टनांच्या टाकीत सप्टेंबर २०१८ मध्ये कणांच्या पहिल्या वाटा दिसल्या आणि इलेक्ट्रॉन हव्या त्याहून कितीतरी पट जास्त वेळ जगला. कॅथोडवर १ लाख ८० हजार व्होल्ट होते.

या तालमीत घडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुलै २०१९ मध्ये वायू फिरवणारा पंप बिघडला आणि टाकीत हवा शिरली. ऑक्सिजन गाळण्यांनी काढला. नायट्रोजन त्यांना काढता येत नाही. तो तसाच राहिला आणि आर्गॉनचा प्रकाश मंदावला. कणाच्या वेळेचा नेमका पत्ता याच प्रकाशाने लागतो. आर्गॉनचा प्रकाश मुळात १२८ नॅनोमीटरचा, इतका अतिनील की बहुतेक काचांतून पार होत नाही. तेव्हा त्या ७७० टनांत सुमारे साडेतेरा किलो झेनॉन मिसळून पाहिला. झेनॉनच्या अणूंनी आर्गॉनची ऊर्जा उचलली, १७५ नॅनोमीटरच्या जवळचा, टिपायला सोपा प्रकाश दिला आणि गेलेला उजेड बराचसा परत आला. झेनॉनची मात्रा हा मार्ग ड्यूनसाठीही मग गंभीरपणे धरला गेला. हा प्रकाश पकडण्याच्या चपट्या पेट्यांना ‘अरापुका’ म्हणतात. ब्राझीलमध्ये पाखरे पकडायच्या सापळ्याचे ते नाव. आत शिरलेला प्रकाश रंग बदलतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांच्या अडचणी आणखी वेगळ्या आहेत. हवेतल्या आर्गॉनमध्ये किरणोत्सारी आर्गॉन-३९ असतो, किलोमागे सेकंदाला सुमारे एक स्फुरण. म्हणून ‘डार्कसाइड’ प्रयोगाचे लोक कोलोरॅडोच्या भूगर्भातून, जिथे विश्वकिरण पोचले नाहीत असा, जुना आर्गॉन काढतात. होमस्टेकमध्येच दहा टन झेनॉनचा ‘एलझेड’ चालू आहे. त्याला रेडॉन आणि क्रिप्टॉनच्या लेशाशी झगडावे लागते.

आणि आता रत्नागिरी जिल्हा. प्रोटोड्यून आणि ड्यून यांच्या टाक्या ज्या तंत्राने होतात, ते भौतिकशास्त्रज्ञांनी शोधलेले नाही. ते द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणाऱ्या जहाजांचे आहे. जाड फोमच्या वेष्टनावर स्टेनलेस स्टीलचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, वळ्या पाडलेला पत्रा. थंडीने धातू आक्रसतो तेव्हा त्या वळ्या ताण सोसतात. गुहागर तालुक्यात अंजनवेलला, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, २०१३ पासून असा वायू घेऊन जहाजे लागतात आणि उणे १६२ अंशांचे द्रव किनाऱ्यावरच्या अवाढव्य टाक्यांत उतरते. अशा कित्येक जहाजांच्या पोटात वळ्यांच्या पत्र्याचीच टाकी असते. अंजनवेलला वाल्व्ह, सांधे आणि थंड नळ्या सांभाळणारा आपला मुलगा जे रोज करतो, ते आणि साउथ डाकोटाच्या तळघरात चालले आहे ते काम कौशल्याच्या दृष्टीने एकाच घराण्याचे आहे. कोकणात ही विद्या आहे, हे आपल्या शाळा-महाविद्यालयांनी मुलांना सांगायला हवे.

देशाचा वाटाही ठरलेला आहे. १६ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत अणुऊर्जा सचिव शेखर बसू आणि अमेरिकेचे ऊर्जामंत्री रिक पेरी यांनी न्यूट्रिनो संशोधनातील सहकार्याचा करार केला. ड्यूनला झोत पुरवणाऱ्या ‘पिप-टू’ या नव्या त्वरकासाठी ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूर, कोलकाता आणि दिल्ली इथल्या प्रयोगशाळा अतिसंवाहक पोकळ्या, चुंबक आणि रेडिओ लहरींचे वर्धक करून देत आहेत. हेलियमचे शीतयंत्रही भारताच्याच वाट्याला आहे. टीआयएफआरने स्वतः कोलारचा वारसा वेगळ्या मार्गाने पुढे न्यायचे ठरवले : तामिळनाडूत थेणीजवळच्या डोंगरात ५० हजार टन चुंबकित लोखंडाची न्यूट्रिनो वेधशाळा. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, मग स्थानिक विरोध आणि परवानग्यांत ती अडकली. मदुराईला तिची छोटी प्रतिकृती चालते. मला विचाराल तर या थांबलेल्या वर्षांत संस्थेने द्रव आर्गॉनचा एक लहानसा, टनभराचाही डिटेक्टर कुलाब्यात उभारावा. हेलियमच्या रूपाने शीतविद्या तिच्या घरात आहे, वायू शुद्ध ठेवण्याची सवय कोलारपासूनची आहे, आणि असा डिटेक्टर हाताळलेली मुले जगात कुठेही कामाला लागतील.

संस्थेत शिरण्याचे मार्ग वाटतात तेवढे अरुंद नाहीत. पीएचडीसाठी देशभर प्रवेश परीक्षा होते. पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात काही आठवड्यांचा अभ्यागत विद्यार्थी संशोधन कार्यक्रम असतो. त्यात निवड झालेला विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत थेट काम करतो. आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्यांसाठी फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ अशा जागांच्या जाहिराती निघत असतात. कोलारच्या पेट्यांचे सांधे आणि कुलाब्याच्या हेलियमच्या नळ्या याच मंडळींनी सांभाळल्या. या स्मरणिकेच्या वाचकांच्या घरी शीतकरणाचा, वेल्डिंगचा किंवा निर्वात पंपांचा नाद असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.